शिळेवरचा आकडा

गणपतीच्या सुमारास घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या चाळींतून कोकणात वा साताऱ्याकडे जाणाऱ्या चाकरमान्यांपैकी कित्येकांच्या गावी, चावडीच्या भिंतीत किंवा वेशीपाशी, एक लहानशी संगमरवरी शिळा असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण वेचले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो, आणि ज्यांच्या स्मरणार्थ ती बसविली त्यांची नावे तिच्यावर सहसा नसतात.

त्यांतील पुष्कळजण ज्या मराठा पलटणींत भरती झाले, त्यांचे मूळ मुंबईतच आहे. १७६८ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुंबईच्या ठाण्याच्या रक्षणार्थ जी पलटण उभारली, तीच पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून नावारूपास आली, आणि पुढल्याच वर्षी उभारलेली दुसरी ‘काली पांचवी’ म्हणून. त्या काळी माहीमच्या खाडीपलीकडे, जेथे आज अंधेरी-मुलुंडची वस्ती दाटली आहे त्या साष्टी बेटावर, पेशव्यांचा अंमल होता. १७७४ च्या अखेरीस कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी तिच्याकडे कायम झाली. पोटासाठी कंपनीची चाकरी पत्करलेल्या शिपायास अशा रीतीने आपल्याच मुलखावर संगीन रोखावी लागली, हे सत्य पलटणीचा गौरव करणाऱ्याने झाकू नये.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तिन्ही मराठा पलटणी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. उपासमार, आजार आणि तोफांचा मारा १४७ दिवस सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील शिबंदी शरण गेली, आणि जे वेढ्यातून वाचले त्यांतील पुष्कळांना पुढे कैदेच्या वाटेवरील वाळवंटाने गिळले. १९१८ च्या ऑक्टोबरात शरकत येथे ११४ व्या मराठा पलटणीने जी शर्थ केली, तिचे नाव मराठा पलटणींच्या बेळगावच्या केंद्रातील युद्धस्मारकास लाभले आहे. परंतु ज्यांच्या अंत्यस्थानाचा मागमूस उरला नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास जे भव्य स्मारक उघडण्यात आले, त्याच्यावर गोऱ्या शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली, आणि हिंदी शिपाई, नाईक व हवालदार मात्र पलटणीच्या नावापुढचा निव्वळ आकडा होऊन राहिले.

पुढील महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबरच्या खोऱ्यात शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने जिंकून धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि माणगावास त्यांचा पुतळा आहे. त्यांच्याआधीच्या पिढीतील अनामिकांचे ऋण त्यामुळे अधिकच जाणवते.

तथापि दगडाने जे राखले नाही ते धातूने राखले आहे. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि नाव उमटविलेले असे. उपनगरातील एखाद्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत असे पदक असेल, तर ते उजेडात धरून त्याची कड वाचावी, आणि ते नाव गावी नेऊन शिळेखाली कोरून घ्यावे.