कलम, दौत आणि कन्व्हर्टर

आमच्या शाळेत सकाळच्या परिपाठात दोन-चार मिनिटे ‘आपले शास्त्रज्ञ’ सांगण्याची पद्धत आहे. एका सकाळी मी ठणकावून सांगितले की, फाऊंटन पेनचा शोध मुसलमानांनी लावला आणि इजिप्तच्या एका खलीफाने युरोप-अमेरिकेच्या नऊशे वर्षे आधी असे पेन बनवून घेतले. टाळ्या पडल्या. वर्गात आल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ती कलम आता कुठल्या म्यूझियममध्ये आहे?” मला उत्तर देता आले नाही. ज्या कागदावरून मी वाचून दाखवले होते, त्यावर याहून जास्त काहीच नव्हते. मग शोधत बसलो. त्या शोधातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

मूळ हकिकत खरी आहे. ती लिहून ठेवली काझी नोमान यांनी. इ.स. ९७४ मध्ये वारलेले हे विद्वान फातिमी खिलाफतीचे मोठे कायदेपंडित होते. खलीफा अल-मुइज्ज यांच्या सहवासात ऐकलेली बोलणी त्यांनी ‘किताबुल मजालिस वल मुसायरात’ या ग्रंथात नोंदवली आहेत. त्यात ही गोष्ट येते. बोलता बोलता लेखणीचा विषय निघतो. खलीफा म्हणतात, दौतीची गरजच पडू नये अशी लेखणी आम्हाला करून हवी आहे. शाई तिच्या आतच असावी. बाहीत ठेवली तरी डाग पडू नये, थेंब गळू नये, आणि लिहायचे मनात असेल तेव्हाच शाई उतरावी. काझीसाहेबांना हे अशक्य वाटते. पण थोड्याच दिवसांत कारागीर सोन्याची लेखणी घेऊन हजर होतो. ती लिहिते, मात्र शाई जरा जास्त सोडते. खलीफा तिच्यात दुरुस्ती सांगतात. दुरुस्तीनंतर ती उलटी-सुलटी केली, तिरपी धरली, तरी शाईचा ठिपका दिसत नाही.

आता आमच्या परिपाठाच्या कागदाकडे वळू. ‘इजिप्तचा खलीफा’ हे अर्धवट बरोबर आहे. अल-मुइज्ज गादीवर बसले ते आजच्या ट्युनिशियात, इ.स. ९५३ (हिजरी ३४१) मध्ये. कैरो शहराची पायाभरणी ९६९ ची, आणि खलीफा तिथे राहायला गेले ९७३ मध्ये. पेनच्या शोधाचे साल म्हणून सगळीकडे जे ९५३ छापले जाते, ते गादीवर बसण्याचे साल आहे. दुसरे असे की, ही लेखणी आज अस्तित्वात नाही आणि तिच्या आतल्या रचनेबद्दल काझीसाहेबांनी एक अक्षर लिहिलेले नाही. इंग्रज अभ्यासक सी. ई. बॉसवर्थ यांनी १९८१ मध्ये या उताऱ्यावर लेख लिहिला, तेव्हा शीर्षकातच ‘फाऊंटन पेनचा मध्ययुगीन इस्लामी पूर्वज’ या अर्थाच्या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह घातले. आमच्या कागदावर ते प्रश्नचिन्ह गळाले होते.

आणखी एक गोष्ट मनाला टोचली. फातिमी खलीफा इस्माईली शिया होते. एरवी ज्यांना आपल्यात धरायला आपण कां-कूं करतो, त्यांचे सोने अभिमानाच्या वेळी मात्र सगळ्यांचे होते! काझी नोमान यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा कायदेग्रंथ दाऊदी बोहरा समाजात आजही प्रमाण मानतात. त्याची अरबी संहिता संपादित करून कैरोहून छापली, ती माथेरानला जन्मलेल्या आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांनी. म्हणजे हा काझी आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

त्या मुलीला मी हे सांगितले. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता : “पण सर, पोकळ नळीत शाई भरायला एवढे अवघड काय आहे?” प्रश्न रास्त होता. मी खिशातले पेन उघडून आतला कन्व्हर्टर काढला. कन्व्हर्टर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पारदर्शक नळी. तिच्यात एक दट्ट्या असतो आणि मागची कळ फिरवली की तो वर-खाली होतो. नळीत पाणी ओढून घेतले आणि तोंड खाली करून धरले. पाणी पडले नाही. मुले बघत राहिली. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोके का पाडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातले सगळे कळले. आत हवा गेल्याशिवाय तेल नीट बाहेर येत नाही. पेनचे तेच आहे. शाई साठवणे सोपे असते. खरी अडचण आहे ती जेवढी शाई उतरली तेवढीच हवा आत घेण्याची. हवा कमी गेली तर पेन लिहीत नाही आणि जास्त गेली तर डाग पाडते. सोन्याच्या लेखणीने पहिल्या दिवशी शाई जास्त का सोडली असेल, हे त्या नळीकडे पाहून आम्हाला समजले. अरबी-उर्दू लिहिणाऱ्याला तर हे जास्तच नडते. आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, त्यामुळे उजवा हात ताज्या ओल्या अक्षरांच्या मागोमाग सरकत असतो. शाई थोडी जास्त उतरली की ओळ फासली गेलीच.

दौतीच्या जमान्यातही या अडचणीवर एक तोड होती. ‘दौत’ आणि ‘शाई’ हे दोन्ही मराठी शब्द ‘दवात’ आणि ‘सियाही’पासून आले आहेत. मात्र दौतीतला ‘सूफ’ मराठीत तितकासा रुळला नाही. सूफ म्हणजे दौतीत घालायचा रेशमाचा किंवा कापसाचा बोळा. शाई त्यात मुरून राहते, दौत कलंडली तरी लगेच सांडत नाही, आणि बोरूच्या टोकाला बेताचीच लागते. बारीक फटीत द्रव आपोआप धरून ठेवला जातो, हे तत्त्व त्यात आहे. आजच्या पेनमध्ये निबेखाली जी काळी, कंगव्यासारख्या दातांची जीभ असते, ती याच तत्त्वावर चालते. जादा शाई त्या दातांत थोपून राहते.

या जिभेचा कामाला आलेला नमुना न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांचा. त्याचे पेटंट १८८४ चे. विमा एजंट वॉटरमन यांच्या करारावर शाई सांडली, गिऱ्हाईक हातचे गेले आणि त्या रागात त्यांनी पेन बनवले, अशी कथा आपण वाचलेली असते. ती कंपनीच्या जाहिरातींतून पसरली. तिला त्या काळचा पुरावा मिळालेला नाही. परिपाठाचे कागद सगळीकडेच असतात! त्याही आधी, १८२७ मध्ये, पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये शाई आत ठेवणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले होते. ‘शोध कुणी लावला’ या प्रश्नाला एकाच नावाचे उत्तर मागणे, हीच गोष्ट मला आता चुकीची वाटते.

वॉटरमनच्या पेनात शाई भरायची ती ड्रॉपरने. आपल्याकडे ही रीत फार काळ टिकली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींना स्वदेशी पेन दिले आणि गांधीजींनी १९३५ मध्ये त्याची पोच दिली. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅम्लिन आणि ‘कॅमल’ शाई आली. ड्रॉपरच्या पेनात दोन-तीन मिलिलिटर शाई सहज मावते, पण पेन अर्धे रिकामे झाले की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून एकदम ठिपका पडतो. सदऱ्याच्या खिशाखालचा निळा डाग ही आपल्या वडिलांच्या पिढीची खूणच होती.

अमेरिकेत वॉल्टर शेफर या जवाहिऱ्याने १९०८ मध्ये पेटंट घेऊन पेनाच्या आत रबरी पिशवी आणि बाजूला कळ बसवली. कळ उचलली की पिशवी दबते, सोडली की शाई ओढते. पण रबर काही वर्षांनी चिकट होऊन कुजते. जर्मनीच्या पेलिकनने १९२९ मध्ये पेनातच दट्ट्या बसवला. हे काम भक्कम होते, पण महाग आणि दुरुस्तीला कटकटीचे. १९५३ मध्ये वॉटरमनने प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजचे पेन आणले. शाईने भरलेली नळी लावा, संपली की फेका. बॉलपेनशी स्पर्धा होती, तेव्हा सोय महत्त्वाची ठरली. पण बाटलीतली शाई आवडणारे लोक हटेनात. त्यांच्यासाठी कार्ट्रिजच्याच जागी बसणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी नळी आली. तोच हा कन्व्हर्टर. १९६० च्या पार्कर ४५ मध्ये कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर, दोन्ही चालत. तो बिघडला तर पेन टाकावे लागत नाही, फक्त नळी बदलायची.

घेताना मात्र लोक फसतात. सगळे कन्व्हर्टर सगळ्या पेनांना बसत नाहीत. ‘स्टँडर्ड इंटरनॅशनल’ तोंडाचा कन्व्हर्टर वॉटरमन, पेलिकनची कार्ट्रिजवाली पेने आणि इतर अनेक कंपन्यांच्या पेनांना चालतो. जर्मन श्मिटचा के-५ त्यातलाच, आणि आपल्याकडची हाताने बनवलेली एबोनाइटची पेनेही आता बहुधा तोच वापरतात. पार्कर, लॅमी, पायलट, शेफर यांचे तोंड आपापले वेगळे. जबरदस्तीने घुसवला तर तोंड चिरते आणि शाई पेनच्या नळीत उतरते. पायलटचा कॉन-७० शाई भरपूर घेतो, पण मोजक्या जाड पेनांतच मावतो. साधारण कन्व्हर्टरमध्ये अर्धा ते एक मिलिलिटर शाई बसते. दुकानात जाताना पेन बरोबर न्यावे. नुसते नाव सांगून आणू नये.

भरताना निब पूर्ण बुडेल इतकी बुडवावी, एकदा दट्ट्या खाली-वर करून हवा काढावी, मग सावकाश ओढावे. बाहेर काढल्यावर दोन-तीन थेंब बाटलीत परत सोडावेत आणि निब पुसावी. नव्या नळीत कधी कधी शाई मागच्या टोकाला चिकटून राहते आणि पेन भरलेले असून लिहीत नाही. अशा वेळी टिचकी मारावी, किंवा साबणाच्या पाण्याने एकदा धुऊन घ्यावे. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुणे पुरते. गरम पाणी आणि स्पिरिट नको.

शेवटी शाईबद्दल. किताबतीची पारंपरिक शाई काजळी आणि डिंकाची असते. चकचकीत काळी, शतके टिकणारी. पण फाऊंटन पेनच्या बारीक फटींत डिंक वाळला की पेन मेले म्हणून समजा. पेनला रंग पाण्यात विरघळलेली पातळ शाई लागते. आमच्या एका उस्तादांनी हौसेने आपली शाई नव्या पेनात भरली आणि आठवड्यात ते पेन बंद पडले. मी हजेरीपट कन्व्हर्टरच्या पेनाने लिहितो आणि शाळेच्या फलकांवरची नस्तालीक अक्षरे बोरू-दौतीने काढतो. दोन्ही बाटल्या कपाटात वेगवेगळ्या खणांत ठेवलेल्या आहेत, आणि कुठली कुठे वापरायची हे त्या मुलीला आता माझ्याइतकेच ठाऊक आहे.