वाकळ शिवणारीचं नाव कुठे आहे?

प्रदर्शनात टांगलेली गोधडी 'लोककला' होते आणि आपल्या वस्तीत अंगावर घेतलेली तीच वाकळ 'दारिद्र्य' ठरते. दोन्हीकडे शिवणारी बाई गायब.

माझ्या आजीची वाकळ लातूर जिल्ह्यातल्या वाडीतली. आत जुनी लुगडी, वर ठिगळं. कडेपासून निघालेला धावदोरा चौकोनात फिरत मध्यावर येतो. टाके सारखे नाहीत; कडेला बारीक, मध्याकडे लांब. रोजगारावरून येऊन शिवायची, तेव्हा हात थकत असणार. पण हिरव्या इरकली काठाला तिने लाल तुकडा थेट जोडलेला नाही, मध्ये पांढऱ्या धोतराची पट्टी ठेवली आहे. थंडीला कोणताही तुकडा चालला असता. ती पट्टी रंगासाठी आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, चिंध्यांचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रं नेमून दिली. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा 'हक्क' म्हणवला जायचा. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडं नेसण्याची पद्धत सोडायला सांगितलं. ते कापड नाकारणं हा आपला लढा होता, आणि तो बरोबरच होता.

पण चिंधीचा दुसराही इतिहास आहे. विनयपिटकात भिक्खू टाकलेल्या कापडाचं पांसुकूल चीवर शिवतात. मगधाची बांधबंदिस्त शेतं पाहून आनंदाने चीवराची ठिगळं बेतली, असं तिथे सांगितलं आहे. ते चीवर मात्र एका रंगात रंगवायचं असे. आजीने एकही रंग बुडू दिला नाही. कापड व्यवस्थेने दिलं, मांडणी तिची होती. कौतुक करायचं ते या निवडीचं.

मग जुन्या वाकळी आपल्या घरांत का सापडत नाहीत? बऱ्याच वापरून विरल्या. पण 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. जळालेल्या घरांत धान्यासोबत अंथरूण-पांघरूणही गेलं असणार. त्याची मोजदाद कोण ठेवणार?

उरलेल्या वाकळींची नोंद आपणच करू शकतो. शिवणारीचं नाव, गाव, आतलं लुगडं कुणाचं, हे आजी-मावशी आहेत तोवर विचारून घ्या. फोटो मागच्या बाजूचाही काढा. हात तिथे जास्त दिसतो.