मुलगी कॉलेजात, आयकराची सवलत कुणाला? सीमाभागातल्या पालकांसाठी माहिती

आदिलाबाद, बेला, जैनथ भागातली बरीच मराठी मुलं बारावीनंतर किनवट, नांदेड, यवतमाळ गाठतात, काही हैदराबादला जातात. फी, होस्टेल, मेस मिळून वर्षाचा आकडा लाखाच्या पुढे जातो. मग पगारदार आईवडिलांना प्रश्न पडतो, पोरगी आपल्यावर अवलंबून आहे, तर तिला आपल्या रिटर्नमध्ये दाखवून कर वाचेल का?

'अवलंबित' असा रकाना नाही

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून 'मुलाला रिटर्नमध्ये दाखवलं' असं ऐकायला मिळतं. तिथे पूर्ण वेळ शिकणारं 24 वर्षांखालचं मूल काही अटींवर आईवडिलांचं अवलंबित धरतात आणि त्यावर करात सूट देतात. भारतात तसं नाही. घरात कॉलेजात जाणारं मूल आहे, एवढ्यावरून इथे कर कमी होत नाही. सवलत मिळते ती ठरावीक खर्चावर: भरलेलं शिक्षण शुल्क आणि शैक्षणिक कर्जाचं व्याज. या दोन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात.

आधी प्रणाली तपासा

2023-24 पासून नवी प्रणालीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं, आणि रिटर्न मुदतीत भरावं लागतं. पगारदारांना दरवर्षी निवड बदलता येते. दुकान किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर नवी सोडल्यावर परत फिरण्याची संधी एकदाच.

2025-26 च्या उत्पन्नासाठी नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य आहे. पगारदारांना 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून पगार 12.75 लाखांपर्यंत असला तरी कर लागत नाही. (शेअर किंवा प्लॉट विकून झालेला नफा यात धरत नाहीत.) अशा घराला फीच्या पावत्या गोळा करून करात काहीच फायदा नाही.

पगार 14 लाख असेल तर? नव्या प्रणालीत कर 81,900 रुपये. जुन्या प्रणालीत 80सी ची दीड लाखाची पूर्ण वजावट घेतली तरी कर 1,79,400 रुपये. वर 60 हजार कर्जव्याज दाखवलं तरी तो 1,60,680 वर थांबतो. म्हणजे फक्त मुलांच्या शिक्षणापायी जुनी प्रणाली घेणं तोट्यात जातं. गृहकर्जाचं व्याज, घरभाडं अशा मोठ्या वजावटी सोबत असतील तरच दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

जुनी प्रणाली घेणाऱ्यांसाठी: फी

- कलम 80सी खाली फक्त शिक्षण शुल्क चालतं. विकास शुल्क, देणगी, होस्टेल, मेस, बसभाडं चालत नाही. पावतीवर रकमा वेगळ्या लिहून घ्या.
- संस्था भारतातली आणि अभ्यासक्रम पूर्ण वेळ हवा. कॉलेज पैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे, याने फरक पडत नाही.
- प्रत्येक पालकाला दोन मुलांपर्यंत मुभा आहे. आई आणि वडील दोघंही कमावते असतील तर ज्याने जेवढं भरलं तेवढं त्याने दाखवायचं. तीच रक्कम दोघांनी दाखवायची नाही.
- मर्यादा दीड लाखाची, त्यातच पीएफ आणि विम्याचा हप्ताही येतो. वडिलांची मर्यादा भरली असेल तर फी आईच्या खात्यातून भरलेली बरी.
- काका, आजोबा, मोठा भाऊ यांनी फी भरली तर त्यांना वजावट नाही. विद्यार्थ्यालाही स्वतःच्या फीवर ती मिळत नाही.
- सरकारकडून फीची भरपाई झाली असेल तर खिशातून गेलं तेवढंच दाखवा.

कर्ज कुणाच्या नावावर?

कलम 80ई खाली व्याजाला रकमेची मर्यादा नाही, पण मुद्दलावर या कलमात काही मिळत नाही. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं लागतं. सावकाराकडून किंवा मामाकडून घेतलेलं चालत नाही. ज्याने कर्ज घेतलं आणि जो व्याज भरतो, वजावट त्याचीच.

सवलत जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, आणि मोजणी व्याज भरायला लागल्याच्या वर्षापासून सुरू होते. शिकत असतानाच थोडं थोडं व्याज भरलं तर तेव्हापासूनच वर्षं मोजली जातात. तरीही व्याज साचू न देणं फायद्याचंच, फक्त हे ठाऊक असावं.

वडिलांचं उत्पन्न नुसतं कापूस-सोयाबीनचं असेल तर शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून वजावटीचा त्यांना उपयोगही नाही. तिथे कर्ज मुलाच्या नावावर असावं आणि नोकरी लागल्यावर त्यानेच फेडावं, हे सोयीचं.

मुलाचं स्वतःचं उत्पन्न

अठरा पूर्ण झाले की मुलाचं उत्पन्न त्याचं स्वतःचं. शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही. आईवडिलांनी दिलेले पैसेही करमुक्त, आणि सज्ञान मुलाने ते ठेवीत टाकले तर व्याज त्याच्याच नावे धरतात. बँकेने त्यावर टीडीएस कापला असेल तर मुलाने स्वतःचं रिटर्न भरून परतावा मागावा. अठराच्या आतल्या मुलाच्या ठेवीचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात.

करापेक्षा मोठी गोष्ट: उत्पन्नाचा दाखला

बहुतेक घरांसाठी खरा पैसा करात नाही, शिष्यवृत्तीत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या मुलांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या राज्याचे रहिवासी तेच राज्य देतं. पोरगी नांदेडला शिकत असली तरी दाखला आदिलाबादच्या तहसीलचा, मीसेवा केंद्रातून काढलेला लागणार.

म्हणून कर्जासाठी रिटर्नमध्ये उत्पन्न फुगवायचं आणि दाखल्यावर कमी सांगायचं, असं करू नये. दोन कागदांत दोन आकडे आढळले तर शिष्यवृत्ती अडकू शकते. खोटी वजावट दाखवली तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. चूक लक्षात आली तर सुधारित रिटर्न भरून ती मिटवता येते.

1 एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा कायदा लागू होतोय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यापुढच्या वर्षाचं रिटर्न भरताना जुने क्रमांक शोधत बसू नका.