चर्चच्या आवारातली बचत

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "बचत गट ही आपल्याकडचीच गोष्ट ना?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज अमेरिकेतल्या मँचेस्टर शहराची हकिकत सांगतो.

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या या शहरात मेरिमॅक नदीकाठी अमॉस्केग कंपनीच्या मोठ्या कापडगिरण्या होत्या. शेजारच्या कॅनडातून, क्वेबेक प्रांतातून, फ्रेंच बोलणारी कॅथलिक कुटुंबं तिथं कामाला आली. बाया-मुलीही गिरणीत राबत. नदीच्या पश्चिमेला या लोकांनी सेंट मेरी चर्च बांधलं, भोवती वस्ती वाढली. पण भाषा परकी, पगार तुटपुंजा. असल्या माणसाला बँक कशाला विचारते? आमच्या गटाचं पहिलं खातं उघडायला किती चकरा झाल्या, ते आठवा.

चर्चचे फादर पिएर एव्हे यांनी क्वेबेकहून अल्फोन्स देजार्दां यांना बोलावलं. देजार्दांनी लेव्ही गावात लोकांची पतपेढी काढली होती. १९०१ साली तिथं पहिला भरणा पडला तो १० सेंटचा! पहिल्या दिवशी सगळे मिळून २६ डॉलर ४० सेंट जमले. देजार्दां नोकरीसाठी ओटावाला असत, तेव्हा घरातली ही पेढी त्यांची बायको दोरिमेन सांभाळी. घरात मुलं, शिवाय लोकांचा पैसा. पतपेढ्यांचा कायदा झाला १९०६ साली. तोवर पैसा बुडाला असता तर जबाबदारी त्यांच्याच घरावर आली असती. त्या बाईला झोप कशी लागत असेल? आपल्यापैकी ज्यांच्या घरी गटाची पेटी असते, त्यांनाच ते कळेल.

मँचेस्टरची पेढी नोव्हेंबर १९०८ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतली ही पहिली क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांच्या मालकीची पतपेढी. ऑफिस कुठलं? जोसेफ बोइव्हिन नावाच्या वकिलांचं राहतं घर. त्यांनी बिनपगारी काम पाहिलं.

पुढे दिवस कठीण आले. १९२२ साली गिरण्यांचा संप कित्येक महिने चालला आणि १९३५ साली अमॉस्केग बंदच पडली. पेढी मात्र टिकली. आज ती सेंट मेरीज बँक या नावानं चालते आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला सभासद होता येतं. बोइव्हिन यांच्या त्या घरात आता क्रेडिट युनियनचं संग्रहालय आहे.