विमानदांडा आणि कळफलक : हाताच्या सवयीचा इतिहास

खानदेशातील शेतकऱ्यास जमिनीचा विरोध रुमण्यातून कळतो. धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर शिकणाऱ्या वैमानिकास हवेचा विरोध दांड्यातून वा सुकाणूचक्रातून. एडविन लिंक यांनी १९२९ साली सिद्ध केलेल्या, जमिनीवरच उड्डाण शिकविणाऱ्या यंत्रातही दांडा होता. १९६८ साली जाहीरपणे दाखविला गेलेला माउस मात्र पडद्यावर निर्देश करण्यासाठी जन्मला. संगणकावरील उड्डाणखेळात हा भेद जाणवतो. कळ दाबलेली असते किंवा नसते. माउस आपोआप मध्यावर परतत नाही. जॉयस्टिक कलाचे प्रमाण मोजते व सोडताच मध्यावर येते. तिचा विरोध अर्थात स्प्रिंगचा, हवेचा नव्हे. केवळ मनोरंजनास कळफलक पुरेसा आहे. ज्यास पुढे गोंदूर गाठावयाचे आहे, त्याने दांडाच निवडावा. कारण हाताची पहिली सवय मातृभाषेच्या उच्चाराप्रमाणे सहसा पुसली जात नाही.