अदिती स्वामी : साताऱ्याची जगज्जेती तिरंदाज

जागतिक तिरंदाजी स्पर्धेला १९३१ साली प्रारंभ झाला. भारताला मात्र तेथील पहिल्या सुवर्णपदकासाठी ऑगस्ट २०२३पर्यंत वाट पाहावी लागली. बर्लिनमध्ये ४ ऑगस्टला ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती गोपीचंद स्वामी यांच्या कंपाऊंड संघाने मेक्सिकोला २३५-२२९ असे नमवले. दुसऱ्याच दिवशी १७ वर्षांच्या अदितीने वैयक्तिक विजेतेपदही पटकावले.

१५ जून २००६ रोजी जन्मलेली अदिती मूळची सातारा जिल्ह्यातील शेरेवाडीची. वडील गणिताचे शिक्षक. मुलीला खेळाची सोय व्हावी म्हणून त्यांनी बिऱ्हाड साताऱ्याला हलवले. तेथे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे उसाच्या शेतातील मैदानावर तिचा सराव सुरू झाला. कंपाऊंड धनुष्य आणि बाण महागडे. त्यासाठी वडिलांना कर्ज काढावे लागले.

या धनुष्याच्या टोकांना चाके असतात. प्रत्यंचा पूर्ण खेचल्यावर हातावरचा भार त्यामुळे बराच कमी होतो आणि नेम स्थिर राहतो. साहजिकच चुकीला वावही कमी. ५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा आठ सेंटिमीटर असतो. बर्लिनच्या अंतिम लढतीत अदितीचे १५ पैकी १४ बाण या वर्तुळाचे मानकरी ठरले. मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला तिने १४९-१४७ असे हरवले. उपांत्य फेरीत तिने अनुभवी सहकारी ज्योतीलाच मागे टाकले होते. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुणांसह पुरुषांचे विजेतेपद मिळवले.

जेमतेम महिन्यापूर्वी, जुलै २०२३मध्ये, आयर्लंडमधील लिमेरिक येथे अदिती १८ वर्षांखालील गटाची जगज्जेती ठरली होती. पुढे ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिला सांघिक सुवर्ण व वैयक्तिक कांस्यपदक मिळाले. जानेवारी २०२४मध्ये अर्जुन पुरस्काराने तिचा गौरव झाला.

ऑलिम्पिकची दारे मात्र या प्रकाराला बंदच होती. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जगज्जेत्या अदितीला स्थान असणे शक्यच नव्हते. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा समावेश करण्याचा निर्णय एप्रिल २०२५मध्ये झाला, तोही केवळ मिश्र सांघिक गटापुरता. म्हणजे भारतातून एकाच महिलेला संधी. ज्या सहकाऱ्यांसोबत सुवर्ण जिंकले, त्यांच्याशीच त्या एका जागेसाठी अदितीला झुंजावे लागणार आहे.