मातृत्वाचे मोल कोणी द्यावे?

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आपण बहुधा मालक, संप आणि पुढारी यांच्या अंगाने वाचतो. त्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः १९२० च्या सुमारास दर चार-पाच गिरणी कामगारांमागे एक स्त्री होती. वाइंडिंग व रीलिंग ह्या खात्यांत त्या सुताचे काम करीत. मजुरी बहुधा कामाच्या मापावर मिळे, आणि देखरेख करणाऱ्या बाईस नायकीण म्हणत. यांपैकी एखादी आई झाली, म्हणजे तिच्या मजुरीचे काय होई? हा प्रश्न आम्ही येथे मुद्दाम घेतला आहे, कारण त्याचे पुरते उत्तर आपल्याला अजूनही सापडलेले नाही.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे रजा घेण्याचा हक्क, प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास मनाई, आणि या काळात आई व मूल यांच्या निर्वाहापुरता भत्ता, असा करार तिथे संमत झाला. हा भत्ता सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. या परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी हजर होते. हिंदुस्थान सरकारने करारास मान्यता दिली नाही; केवळ चौकशी करण्याचे पत्करले. त्या ओघात मुंबईत डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली व १९२२ मध्ये अहवाल दिला. आई कामावर असताना मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची रीत किती सर्रास होती, हे त्यातून उघड झाले. त्या मातांना आम्ही दोष देणार नाही. एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडे. निर्दय होती ती व्यवस्था.

जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले, पण ते फेटाळले गेले. पुढे आर. एस. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही लाभ असतो, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही, हेही त्यांनी बजावले.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. रोज आठ आणे भत्ता ठरला. भारतातील या प्रकारचा हा पहिला कायदा; त्याचे श्रेय थोडे नव्हे. परंतु सरकारने खर्चाचा वाटा उचलला नाही; सारा भार ज्या त्या मालकावर पडला. मालकाने हिशेब केला: जी बाई आई होण्याचा संभव आहे, तिला ठेवावेच कशाला? गरोदरपणाची चाहूल लागताच बाईला कामावरून कमी करावे, विधवा किंवा प्रौढ स्त्रियांना पसंती द्यावी, अशा युक्त्या सुरू झाल्या. गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढे घटतच गेले. याला केवळ हा कायदा कारण नव्हता. यंत्रांची फेररचना, वाढत्या रात्रपाळ्या व स्त्रियांना असलेली रात्रकामाची बंदी ही कारणेही होतीच. तथापि आईच्या रक्षणासाठी केलेली तरतूदच तिला दाराबाहेर ठेवण्याचे निमित्त होऊ शकते, हा धडा गिरणगावाने आपल्याला दिला.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने योग्य मार्ग दाखवला. मालक व कामगार यांच्या वर्गणीतून निधी उभा राहिला आणि भत्ता त्या निधीतून मिळू लागला. मात्र ठरावीक पगारमर्यादेवरील स्त्रिया या योजनेबाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी १९६१ चा कायदा आला, आणि त्यात खर्च पुन्हा एकट्या मालकावर पडला. शिवाय कायदा असूनही रूढी सुटत नव्हती. एअर इंडियाच्या नियमानुसार हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणीच संपे. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तो नियम रद्द केला.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. रजा वाढली हे स्वागतार्हच आहे. पण त्या रजेचा पगार विम्याबाहेरील आस्थापनांत अजूनही मालकच देतो. म्हणजे रजा जितकी लांब, तितका तरुण स्त्रीला नेमण्याविषयीचा संकोच अधिक. शेतमजूर, घरकामगार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया यांना तर मालकाकडून मिळणारी अशी पगारी रजा बहुधा ठाऊकच नाही. यात नुकसान एकट्या आईचे होत नाही. शिकलेली, हाताला वळण लागलेली स्त्री घरी बसली की कुटुंबाची मिळकत घटते आणि तिच्या शिक्षणावर समाजाने केलेला खर्चही वाया जातो. अमेरिकेतील क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेथेही स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील आजचे अंतर मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर रुंदावते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले.

आपल्या समाजातील मुली परिचारिका, शिक्षिका, कार्यालयीन कर्मचारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आल्या आहेत. शिवाय शाळा व रुग्णालये चालवणारा आपला समाज स्वतःही मालक आहे. मुलाखतीला आलेल्या नवविवाहितेला आपण काय विचारतो? बाळंतपणाहून परतलेल्या शिक्षिकेला तिचा वर्ग पुन्हा मिळतो का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात म्हटले आहे की, कामाची रचनाच अशी असावी की प्रगतीसाठी स्त्रीला आपल्या मातृत्वावर पाणी सोडावे लागू नये. मूल ज्या समाजाचे, त्याच्या संगोपनाचा भारही त्या समाजाचा. १९२८ साली कायदेमंडळात मांडलेला हा हिशेब आपण निदान आपल्या संस्थांपुरता तरी चुकता करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.